सहा कानांची विद्या

अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी गाडी वाशिमच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर थांबते. गावाचे नाव जऊळका. मालेगाव तालुक्यातले हे गाव सरकारी कागदावर मात्र 'जऊळका रेल्वे' आहे, जणू रेल्वे हे गावाचे आडनावच. मीटरगेज गेले, ब्रॉडगेज आले, आडनाव राहिले. आजूबाजूला सोयाबीन आणि तुरीची वावरे. वऱ्हाडातल्या अशा कुठल्याही गावात शेतीची घाई ओसरली की संध्याकाळी शाळेमागच्या मोकळ्या जागेत फक्कीच्या रेघा पडतात, आणि पाचच मिनिटांत तिथे मरणाची भाषा सुरू होते. 'मेला, मेला!' 'कुठं मेला बे, हात तरी लागला का?' 'आपले तीन मेले, चार जिते.' 'एक मार, म्हणजे आपला एक उठते.'

कबड्डीइतके मरण दुसऱ्या कुठल्या खेळात नाही. आणि इतके सहज परत उठणेही नाही. बाद झालेला गडी रेघेबाहेर जाऊन बसतो. आपल्या बाजूने समोरचा एक टिपला की तो पुन्हा आत येतो. जो आधी मेला तो आधी उठतो. या प्रकाराला जुन्या मंडळींनी नाव दिले होते 'संजीवनी'. त्याच्या सोबतीला आणखी दोन प्रकार खेळले जात. 'गामिनी'त मेलेला मेलेलाच राहायचा, सगळा संघ गारद होईपर्यंत. 'अमर'मध्ये गडी मेला तरी बाहेर जायचा नाही. गुण तेवढा समोरच्याच्या खात्यात जायचा, हा तिथेच खेळत राहायचा. आजच्या आंतरराष्ट्रीय कबड्डीने संजीवनीचेच तत्त्व उचलले.

या मैदानाच्या कडेला बहुधा एक माणूस उभा असतो. चाळिशी ओलांडलेला, एका गुडघ्याला पट्टी, गळ्यात शिट्टी. कधीकाळी तालुक्यात त्याच्या पकडीचे नाव होते. आता तो आत येत नाही. पोरगा चढाईला निघाला की याचाच पाय नकळत पुढे सरकतो, याचेच बोट हवेत निदानरेषेकडे वळते. 'घोटा धर बे, कंबर काय धरतं!' हे ओरडताना त्याच्या हाताची बोटे खरोखरच मिटलेली असतात. आत कोणाचा तरी घोटा धरला जातो. गुण मिळतो तो पोराला.

तर प्रश्न असा की या माणसाचे नेमके काय झाले? खेळाडू म्हणून तो मेला म्हणावा, तर तो गामिनीतला मेलेला आहे की अमरमधला? वीस वर्षांत अंगात मुरलेली ती पकड त्याच्या देहातून निघून दुसऱ्याच्या देहात गेली, तेव्हा ती त्याच्याकडून कमी झाली, की जास्त झाली? आणि ती नक्की कोणाची?

हा प्रश्न जऊळक्याच्या जिल्ह्याला परका नाही. याच वाशिम जिल्ह्यातले कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मगाव. चौदाव्या शतकात तिथे जन्मलेला हा मुलगा घर सोडून काशीला गेला, संन्यास घेतला, औदुंबर, नरसोबाची वाडी असे करत गाणगापूरला स्थिरावला, आणि शेवटी गेला तेव्हा मागे निर्गुण पादुका ठेवून गेला. देह गेला, पाऊल राहिले. त्यांचे चरित्र सरस्वती गंगाधरांनी ओवीबद्ध केले, तो 'गुरुचरित्र' ग्रंथ वऱ्हाडात आजही दत्तजयंतीच्या सप्ताहात घरोघरी वाचला जातो. त्याच्या पस्तिसाव्या अध्यायात कच आणि देवयानीची गोष्ट येते. संजीवनी विद्येची गोष्ट.

मूळ गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. देव आणि असुर यांचे युद्ध चाललेले. असुरांच्या बाजूने शुक्राचार्य. त्यांच्याजवळ संजीवनी, त्यामुळे पडलेला असुर पुन्हा उठायचा. देवांचे गुरू बृहस्पती. त्यांना ही विद्या येत नव्हती, म्हणून पडलेला देव पडलेलाच राहायचा. एक बाजू संजीवनी खेळत होती, दुसरी गामिनी. मग देवांनी बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, थेट शत्रूच्या गुरूकडे शिकायला पाठवले. शुक्राचार्यांनी त्याला ठेवून घेतले. असुरांनी कचाला दोनदा मारले, दोनदा गुरूने उठवले. तिसऱ्या वेळी असुरांनी त्याला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजले. आता शिष्य गुरूच्या पोटात. त्याला उठवावे तर पोट फाडूनच बाहेर येणार, म्हणजे गुरू मरणार. देवयानीला दोघेही हवे होते. शेवटी शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला विद्या शिकवली, तो बाहेर आला, गुरू मेले, आणि शिष्याने नुकत्याच शिकलेल्या विद्येने गुरूला उठवले.

इथपर्यंत दोन्ही कथा साधारण एका वाटेने चालतात. शेवट मात्र वेगळे आहेत, आणि सगळा वाद त्या शेवटातच आहे.

गुरुचरित्रात ही कथा श्रीगुरू सावित्री नावाच्या एका स्त्रीला सांगतात. तिने त्यांच्याकडे मंत्राचा उपदेश मागितलेला असतो. स्त्रियांना मंत्र देऊ नये, दिल्यास काय होते, याचा दाखला म्हणून कचाची गोष्ट येते. शुक्राचार्यांनी मंत्र देवयानीला सांगितला, तो पोटातल्या कचानेही ऐकला. दोन कानांचे चार, चारांचे सहा झाले. षट्कर्णी झाला आणि मंत्राची शक्ती गेली. सावित्रीला मग मंत्राऐवजी सोमवारचे व्रत मिळते.

महाभारतात विद्या जाते ती वेगळ्या कारणाने. देवयानी कचाला लग्नाचे विचारते, तो नकार देतो, ती शाप देते: ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर कचाचे उत्तर असे की मला नाही फळली तरी मी ज्याला शिकवीन त्याला फळेल. तो स्वर्गात परततो, देवांना शिकवतो, आणि पडलेले देव उठू लागतात.

एका शेवटाचे म्हणणे असे की विद्या जितक्या कानांत जाईल तितकी पातळ होते. दुसऱ्याचे म्हणणे, ती स्वतःच्या हातात निष्फळ झाली तरच दुसऱ्याच्या हातात पिकते. पहिल्यात राखणदाराची भीती आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. आखाड्यातला वस्ताद सगळे डाव शिकवतो, एक राखून ठेवतो, असे मराठी माणूस सहज बोलून जातो. राजकारणावर बोलतानाही हेच वाक्य येते. राखून ठेवलेल्या डावाला आपल्याकडे शहाणपणाचा मान आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 1913 साली 'संगीत विद्याहरण' लिहिले तेव्हा नावातच 'हरण' घातले: विद्या कोणीतरी पळवून नेते, मूळ मालकाकडे ती उरत नाही, असा त्या शब्दाचा ध्वनी आहे.

हे दोन शेवट पोथीत राहिले असते तर कोणी ते ताडून पाहिले नसते. पण 24 ऑगस्ट 2018 रोजी जकार्त्यात कबड्डीच्या एका मैदानावर दोन्ही समोरासमोर आले.

आशियाई क्रीडा स्पर्धेतल्या महिला कबड्डीची अंतिम लढत. भारत विरुद्ध इराण. महिलांची कबड्डी या स्पर्धेत 2010 साली ग्वांगझूला आली आणि तेव्हापासूनची दोन्ही सुवर्णपदके भारताचीच होती. 2014 ला इंचॉनमध्ये याच इराणला भारताने 31-21 असे हरवले होते. या वेळी पहिल्या सत्रात भारताकडे निसटती आघाडी होती. दुसऱ्या सत्रात चित्र फिरले आणि शिट्टी वाजली तेव्हा फलकावर आकडे होते: इराण 27, भारत 24. डोके झाकून खेळणाऱ्या इराणी मुली मैदानाबाहेर धावल्या त्या एका मराठी बाईंकडे. त्यांच्या प्रशिक्षक शैलजा जैन.

शैलजाताई मूळच्या नागपूरच्या, म्हणजे विदर्भाच्याच. तिथल्या मातीत कबड्डी खेळल्या, पुढे नाशिकला क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून त्यांची हयात गेली. मुली घडवायच्या, जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून देशाला पाठवायच्या, आणि स्वतः दुसऱ्या दिवशी पुन्हा शिट्टी घेऊन त्याच मैदानावर हजर व्हायचे. भारतीय संघाबरोबर काम करण्याची संधी मिळाली नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली होती. निवृत्तीनंतर इराणचे बोलावणे आले. 2017 च्या सुरुवातीला त्या तिकडे गेल्या.

पुढचे दीड वर्ष कसे गेले हे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले आहे. शाकाहारी माणसाला तिथे जेवणाची अडचण. भाषा येत नाही, म्हणून त्या फारसी शिकल्या, कारण पकडीच्या ऐन क्षणी दुभाषा कामाचा नसतो. मुलींच्या सरावात त्यांनी योगासने आणि प्राणायाम आणले. हे शेवटचे ऐकायला सजावटीसारखे वाटेल, पण कबड्डीचा अर्धा जीव श्वासात आहे. चढाई तीस सेकंदांची. तेवढा वेळ तोंडाने 'कबड्डी'चा जप तुटता कामा नये, पायांनी रेघा मोजायच्या, डोळ्यांनी कोपऱ्यातल्या गड्याचे वजन कुठल्या पायावर आहे ते पाहायचे. महिलांचे मैदान बारा मीटर बाय आठ मीटर, म्हणजे आपल्या वाट्याला आलेला पल्ला सहा मीटरचा. सहा मीटर जाऊन परत यायचे आहे, आणि वाटेत सात जणी आहेत. दम तिथेच संपतो. हुतूतूच्या काळापासून मराठी माणूस या खेळातल्या श्वासाला 'दम'च म्हणत आला, आणि माणसाच्या कणखरपणालाही त्याने तोच शब्द वापरला.

आता गुरुचरित्राचा पस्तिसावा अध्याय आणि जकार्त्याचा फलक शेजारी ठेवून पाहावे. विद्या स्त्रीकडे होती. ती स्त्रियांना दिली गेली. परक्या देशात, परक्या भाषेत, सहा काय, कितीतरी कानांनी ऐकली. तिची शक्ती गेली नाही. गेली असती तर सुवर्णपदक भारतालाच मिळाले असते.

पण म्हणून पोथीची हेटाळणी करून भागत नाही. पोथीतली राखणदाराची भीती त्या दिवशी भारतीय बाजूला खरी ठरलीच होती. कबड्डी आपली, विद्या आपली, आणि ती दुसऱ्याच्या कानात गेली म्हणून आपला पराभव झाला, असे वाटणारे अनेक जण होते. आदल्याच दिवशी पुरुषांचा भारतीय संघ उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 असा हरला होता. 1990 च्या बीजिंगपासून सलग सात सुवर्णपदके घेतलेल्या संघाला अंतिम फेरीही दिसली नाही. त्या इराणी संघातला फजल अत्राचली आपल्याच प्रो कबड्डी लीगमध्ये मुंबई, पाटणा, गुजरात असा खेळून तयार झालेला. शुक्राचार्यांच्या आश्रमाची दारे जणू सताड उघडी होती.

असुरांच्या बाजूने बघितले तर शुक्राचार्य हे फितूरच. ही गोष्ट आपण कायम देवांच्या बाजूने ऐकतो, म्हणून हे लक्षात येत नाही. कच देवांसाठी नायक. असुरांसाठी तो, ज्याला तीनदा मारूनही गुरूने आपल्या हाताने शत्रूची संजीवनी बनवले, असा पोरगा. मग प्रश्न उरतो तो असा: गुरूचा स्वधर्म कोणता? आपल्या बाजूशी इमान राखणे, की समोर बसलेल्याला येईल तेवढे सगळे देणे?

महाभारत या प्रश्नाभोवती सारखे घुटमळते. द्रोणांनी कौरव आणि पांडव एकाच अंगणात शिकवले आणि कुरुक्षेत्रावर आपल्याच शिष्यांसमोर उभे राहिले. एकलव्याला त्यांनी शिकवले नाही, तरी तो शिकला. तेव्हा द्रोणांनी अंगठा मागितला. राखून ठेवलेल्या डावाचे हे सगळ्यात क्रूर रूप. भीष्मांनी परशुरामांकडून धनुर्विद्या घेतली आणि अंबेच्या प्रकरणात त्याच परशुरामांशी कित्येक दिवस युद्ध केले. गुरू हरवू शकला नाही. आपल्याकडच्या सुभाषितकारांना तर शिष्याकडून झालेला पराभव हा गुरूने मागून घ्यावा असा वाटतो. पण ती गोष्ट दोघांमधली. इथे मध्ये देश आला, झेंडा आला, राष्ट्रगीत आले. पदकवाटपाच्या वेळी इराणचे राष्ट्रगीत वाजले, आणि त्या सुरांपर्यंत मुलींना आणणारी बाई नाशिकची होती.

हा पेच आपल्याच मातीतला आहे असेही नाही. रग्बी लीग हा कबड्डीचा पाश्चात्त्य चुलतभाऊ म्हणता येईल असा खेळ. समोरच्याला धरून जमिनीवर आणणे हा त्याचा प्राण. 1895 मध्ये इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला पैशाच्या प्रश्नावरून रग्बीचे दोन तुकडे पडले, आणि पुढची शंभर वर्षे जो खेळाडू पैसे घेऊन लीगकडे गेला त्याला युनियन रग्बीने दार बंद केले. स्कॉटलंडमधल्या हॉइकचा डेव्ह व्हॅलेंटाइन 1947 साली स्कॉटलंडच्या युनियन संघातून खेळला, मग हडर्सफील्डला लीगमध्ये गेला. युनियनच्या लेखी तो मेला. 1954 च्या पहिल्या रग्बी लीग विश्वचषकात तो ग्रेट ब्रिटनचा कर्णधार होता. पॅरिसच्या अंतिम सामन्यात त्यांनी फ्रान्सला 16-12 असे हरवले. पुढे त्याच हडर्सफील्डमध्ये त्याने प्रशिक्षकाचे काम केले. गावाने ज्याला बाद ठरवले तो रेघेपलीकडे जिवंत होता, आणि आपला खेळ दुसऱ्यांच्या अंगात घालत होता. युनियनने 1995 साली स्वतःच पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते दार निरर्थक झाले.

शैलजाताईंच्या बाबतीत आणखी एक सोपी वाट आहे, ती म्हणजे त्यांना निष्काम कर्मयोगी ठरवून मोकळे होणे. गीतेचा दुसरा अध्याय हाताशी असतोच. पण त्यांनी स्वतः ती वाट बंद केली आहे. आपण उत्तम प्रशिक्षक आहोत हे सिद्ध करायचे होते, सुवर्णपदकच हवे होते, आणि तसे मुलींना बजावून ठेवले होते, हे त्यांनी लपवले नाही. यात फळाची आस आहे, भरपूर आहे. आणि तरीही प्रशिक्षकाच्या कामाची रचनाच अशी की ते फळ त्याला तोडता येत नाही. मैदानाच्या कडेला बसून बोलायचे, मध्यंतरात बोलायचे, मागून घेतलेल्या अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत चार वाक्ये सांगायची. शिट्टी झाली की पुढचे सगळे दुसऱ्याच्या घोट्यात, दुसऱ्याच्या दमात. आसक्ती पूर्ण, हात मात्र रिकामे. ज्ञानेश्वरांपासून विनोबांपर्यंत सगळ्यांनी ज्यावर निरूपण केले ती अवस्था इथे साधना न करता, केवळ नियमपुस्तिकेमुळे माणसावर येऊन पडते.

देवयानीच्या शापाचा अर्थही इथे उलगडतो. तुझी विद्या तुला फळणार नाही, हा शाप म्हणून उच्चारला गेला. कचाने तो नाकारला नाही. त्याने त्याची दिशा बदलली. ज्या दिवशी गुडघा कुरकुरू लागतो, आणि कालपर्यंत सहज सापडणारा घोटा हातातून निसटतो, त्या दिवशी हा शाप प्रत्येक खेळाडूला लागतो. काही जण तिथे गामिनी खेळतात: बाहेर बसतात ते बसतातच, जुन्या पकडी सांगत. काही जण शिट्टी विकत आणतात.

आणि विद्या बाहेर नेणे वऱ्हाडाला नवे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 ची. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी ते उभे केले. त्याच मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर केली. म्हणजे वऱ्हाडाने कबड्डी बाहेर नेली तेव्हा ती राखून ठेवायला नेली नव्हती, दाखवायला नेली होती. जे बर्लिनला दाखवायचे आणि तेहरानला शिकवायचे नाही, असे कुठले गणित मांडता येईल? खेळ जगाचा व्हावा असे म्हणायचे, तर जगाने आपल्याला हरवण्याची शक्यता त्या म्हणण्यातच असते.

पुढचा हिशेबही नोंदवायला हवा. 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला 26-25 असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक परत आणले. त्या स्पर्धेतले ते भारताचे शंभरावे पदक. एका गुणाने. तैपेईलाही ती विद्या कुणीतरी दिलीच होती. जकार्त्यात जे मेले ते हांगझोऊला उठले, पण उठायला आता पूर्वीपेक्षा मोठा दम लागतो.

जऊळक्याच्या बाजूला संध्याकाळी लवकर अंधारते. वाशिमकडची गाडी शिटी देऊन निघून गेली, की मैदानावर काही सेकंद कोणाचाच आवाज ऐकू येत नाही, आणि तेवढ्यात एखादा गडी फसवून पळ काढतो. धुळीने मध्यरेषा पुसट झालेली. मेला की जिता यावर दोन्ही बाजूंची हुज्जत. पट्टीवाला माणूस शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प करतो, खिशातून फक्कीची पुडी काढतो आणि वाकून, गुडघ्यावर हात टेकत, मध्यरेषा पुन्हा आखू लागतो. रेघ पूर्ण होईपर्यंत दोन्ही बाजूंची पोरे थांबून राहतात. बाहेर बसलेल्यांतली सगळ्यात आधी मेलेली मुलगी तेवढ्यात उठून उभी राहते, ओढणी कमरेला खोचते आणि विचारते, 'काका, माझा नंबर हाय ना आता?'